तीन खाडे, एक नाव

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी मोडाची मटकी निवडत बसले होते. "बाई, एकतीस वर्षं तुम्ही शाळेत मुलींना फुटबॉल शिकवलात. त्यावर लिहा ना आमच्यासाठी," ते म्हणाले. मी हो म्हणाले. फोन ठेवता ठेवता त्यांनी पुढची सूचना केली, "आणि हो, तुमच्या हाताखालून राष्ट्रीय पातळीवर किती जणी गेल्या, तो आकडा सुरुवातीलाच टाका. वाचकांना बरं वाटतं."

टाकते. शून्य.

राज्य पातळीवर? तिथेही शून्य. जिल्ह्यात एकदा उपांत्य फेरीत गेलो होतो, तेही समोरच्या संघाच्या दोघींना कांजिण्या झाल्या म्हणून. आता ज्यांना पान उलटायचं असेल त्यांनी खुशाल उलटावं. पुढे कुठेतरी भाजणीच्या चकलीची कृती असेलच. मी मात्र लिहिणार आहे, कारण हा आकड्याचा प्रश्न मला आयुष्यभर लोकांनी विचारला आहे आणि दर वेळी माझं डोकं फिरलं आहे. गणिताच्या बाईंना कुणी विचारतं का, की तुमच्या वर्गातून किती गणितज्ञ निघाले?

मी पीटीची बाई. नाशिकला दिंडोरी रोडच्या बाजूला एका मुलींच्या शाळेत होते. पीटीच्या बाईचं काम म्हणजे काय, तर पंधरा ऑगस्टची परेड, मुलींची वजनं-उंच्या, स्नेहसंमेलनाचा मांडव, चक्कर आलेल्या मुलीला ग्लुकोजचं पाणी, आणि कुणी शिक्षक रजेवर गेला की त्याच्या वर्गावर जाऊन "हाताची घडी, तोंडावर बोट". यातून वेळ उरला तर खेळ. मी स्वतः घोटीची, खो-खो खेळून मोठी झालेली. फुटबॉल माझ्या वाट्याला आला तो शेजारच्या मुलांच्या शाळेने टाकून दिलेल्या एका ठिगळाच्या बॉलमुळे. पोरींनी तो लाथाडायला सुरुवात केली आणि मी नियमांचं पुस्तक आणून रात्री वाचायला. ऑफसाइड म्हणजे काय हे मी यजमानांना जेवणाच्या ताटावर पापड आणि लोणच्याच्या फोडी मांडून समजावलं होतं. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. फोडी मात्र त्यांनी खाल्ल्या.

ज्यांनी हा खेळ कधी खेळला नाही त्यांना एकच गोष्ट सांगते. शाळेचा सामना पन्नास मिनिटांचा. दोन्हीकडच्या मिळून बावीस पोरी, बॉल एक. म्हणजे एका पोरीच्या पायाशी बॉल किती वेळ येणार? फार तर दोन मिनिटं. उरलेली अठ्ठेचाळीस मिनिटं तिने काय करायचं? ते शिकणं म्हणजे फुटबॉल. बॉल दुसरीकडे असताना आपण कुठे उभं राहायचं, कुणाला मोकळं करायचं, कुणाची चूक भरून काढायला आधीच पळत सुटायचं. बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. टाळ्या गोल मारणारीला मिळतात. अठ्ठेचाळीस मिनिटं बिनटाळ्यांचं पळायला पोरींना शिकवणं हा माझा धंदा होता आणि मला त्याचा गर्व आहे. असूच द्या.

आता सुनंदाबद्दल. हा लेख तिच्यासाठीच आहे.

सुनंदाचे आईवडील मूळचे सुरगाण्याकडचे. दिंडोरीच्या अलीकडे एका द्राक्षमळ्यावर मजुरीला आले आणि तिथेच खोली करून राहिले. पोरगी नववीत, काटकुळी, जीपला मागे लटकून शाळेत यायची. तिच्यासारख्या मळ्यांवरून येणाऱ्या आणखी तीन-चार जणी संघात होत्या. पळायला तुफान. पण सगळ्यांची एकच खोड. मैदानावर मी ज्या जागी उभं केलं, त्या जागेच्या सरळ रेषेत पुढे जायच्या आणि त्याच रेषेत मागे यायच्या. बॉल शेजारून, अगदी चार हातांवरून जाई, आणि ही आपली बघत उभी! मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. एक दिवस खेळ थांबवून विचारलं, "अगं बयो, बॉल तुझ्या नाकासमोरून गेला! हलली का नाहीस?"

"ती माझी ओळ नव्हती, बाई," सुनंदा म्हणाली.

मला आधी काही कळेना. मग तिने सांगितलं. मळ्यात बाया थिनिंगला लागतात, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढायचे, तेव्हा मुकादम एकेकीला एकेक ओळ वाटून देतो. आपली ओळ सोडून दुसरीच्या ओळीत हात घातला की भांडणं होतात. या पोरी लहानपणापासून आयांबरोबर हेच बघत आलेल्या. मैदानावर मी जागा वाटून दिल्या, त्यांना वाटलं ओळी वाटून दिल्या.

मी कपाळावर हात मारून घेतला. "मग तुमच्यात एखादी मागे राहिली तर?"

"मग समोरून घ्यायची ना," ती म्हणाली, जणू मी फारच बावळट प्रश्न विचारला होता. "जिची ओळ संपली ती मागं राहिलेलीच्या ओळीला दुसऱ्या टोकाकडनं लागते. मधी भेटतात दोघी. एकटीला सोडून घरी कुणी जात नाय."

नियमांच्या पुस्तकाच्या शेवटी डावपेचांच्या भागात मदतीला धावून जाण्यावर अख्खं एक प्रकरण होतं, आकृत्यांसकट. मी तीन महिने त्या आकृत्या फळ्यावर काढत होते. ते सगळं या पोरीने दोन वाक्यांत सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या मैदानावर एकच आरोळी सुरू झाली, "समोरून घे!" वैशाली, आमची कॅप्टन, रिक्षावाल्याची मुलगी, आवाज हा एवढा, ती पार रस्त्यापर्यंत ऐकू जाई. आणि तुम्हाला सांगते, तो संघ माझ्या हातून घडलेला सगळ्यात चांगला संघ होता. मी घडवला म्हणायचं तरी कसं?

त्या वर्षी आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला ऑफिसात बोलावलं. "फुटबॉलचे तास मी स्कॉलरशिपच्या वर्गाला द्यायचं म्हणतेय," त्या म्हणाल्या. "पालकांच्या तक्रारी आहेत. मुली काळ्या पडतात, गुडघे फोडून घेतात. आणि गेल्या वर्षी तर तुमचा संघ सामन्याला पोहोचलाच नाही."

"जीप बंद पडली होती, मोठ्या बाई."

"ते काही असो. यंदा संघ मैदानात उतरला नाही, तर फुटबॉल बंद. उतरला तर बघू."

मी तणतणत बाहेर आले आणि तिथेच मला शिस्तीचं भूत चढलं. सरावाला तीन खाडे झाले की नाव कट. कारण कुठलंही असो. आजारपण नको, पाहुणे नकोत, काही नको. बारा जणी होत्या, बाराही जणींना दम भरला.

सामन्याला चार दिवस राहिले आणि सुनंदा गायब. पहिला दिवस, दुसरा दिवस. तिसऱ्या दिवशी वैशाली माझ्यापाशी आली. "बाई, ती मुद्दाम नाही राहिली. तिच्याकडे—"

"कारणं नकोत," मी म्हणाले.

आणि खेळाडूंच्या यादीवर, जिच्यावर मोठ्या बाईंची सही आणि शाळेचा शिक्का आधीच होता, मी लाल पेनाने सुनंदाचं नाव खोडलं. एक रेघ नाही, दोन रेघा. वर माझी सही. शिस्त म्हणजे शिस्त! मला त्या वेळी स्वतःचं कौतुक वाटलं होतं हे लिहायची आज लाज वाटते, पण खरं तेच आहे.

सामना होता दसऱ्याच्या आदल्या दिवशी. ही तारीख कुणी ठरवली देव जाणे. पण मी तरी कुठे डोकं वापरलं होतं? आमच्या संघातल्या तिघी मखमलाबादच्या फुलवाल्यांच्या घरच्या. दर वर्षी दसऱ्याला त्यांच्याच आया रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग मांडून बसायच्या आणि मी त्यांच्याकडूनच फुलं घ्यायचे. ती फुलं आदल्या दिवशी कुणीतरी तोडत असेल, घरातला एकूण एक हात तेव्हा शेतात लागत असेल, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. तिघींपैकी एकही आली नाही. अकरातून तीन गेल्या. उरल्या आठ.

पंच भला माणूस होता. "मॅडम, सात असल्या तरी सामना सुरू करता येतो," तो म्हणाला, "पण कशाला पोरींचे हाल करता? वॉकओव्हर देऊन टाका. समोरचा संघ तगडा आहे."

वॉकओव्हर म्हणजे न खेळता हार. म्हणजे संघ मैदानात उतरला नाही. म्हणजे फुटबॉल बंद, आणि या आठच नव्हे तर मागून येणाऱ्या सगळ्या पोरींचा. मी पोरींकडे वळले. वैशाली बुटाची नाडी बांधत होती, मान वर न करता म्हणाली, "सातात होतं ना? मग आपण एक जास्तच आहोत की."

तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली आणि सुनंदा उतरून धावत आली. केस विस्कटलेले, परकराखाली खेळाची चड्डी, बोटांना कसलासा रंग. "बाई, आले मी! आले!" ती धापा टाकत म्हणाली. "छाटणी चालू हाय. छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना, जिथनं कोंब फुटतो तिथं, लगेच पेस्ट लावायची असती, ती थांबत नाय. मुकादम म्हणला, सामन्याच्या दिवशी सुट्टी पाहिजे तर आधी ओळी संपवून दे. म्हणून तीन दिस जादा ओळी घेतल्या. आज बी अर्धी राहिली होती, पण सगळ्या बायांनी समोरून घेतली माझी. म्हणल्या, पळ."

ती परकर सोडून तयारही झाली. मी यादी घेऊन पंचाकडे गेले. त्याने कागद पाहिला, मला पाहिलं. "खोडलंय हे. सही तुमचीच आहे ना?"

"माझीच. चुकून झालंय."

समोरच्या शाळेचे सर पुढे आले. "खोडलेलं नाव चालणार नाही, मॅडम. नियम आहे." बरोबर होतं त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हणाले असते, आणि जास्त जोरात.

सुनंदाने कागदाकडे पाहिलं. त्या दोन लाल रेघा तिला लांबूनही दिसल्या. ती मला म्हणाली, "तुम्ही विचारलं नाय, बाई."

रागाने नाही म्हणाली, रडलीही नाही. शिक्षकीत मी नाही नाही ती बोलणी ऐकली आहेत, पालकांची, संस्थाचालकांची. त्या तीन शब्दांनी मला तिथेच उभं जाळलं.

आम्ही खेळलो. गोलात एक, मागे चार, मधे दोन आणि पुढे वैशाली एकटी. अकरा जणींसमोर आठ. पहिली दहा मिनिटं बघणारे हसत होते. मग हसणं थांबलं, कारण समोरच्यांना गोलच होईना. एक पोरगी चुकली की दुसरी तिच्या जागी, दुसरीच्या जागी तिसरी. "समोरून घे! समोरून घे!" आणि रेषेबाहेर उभी राहून सगळ्यात मोठ्याने ओरडत होती ती सुनंदा. कुणाच्या मागे कोण मोकळी आहे, कुठे भगदाड पडतंय, सगळं ती बाहेरून सांगत होती. मध्यंतराला शून्य-शून्य. पोरींच्या पायात गोळे आले होते. मी एकेकीची पोटरी चोळत होते आणि सुनंदा त्यांच्या तोंडावर पाणी मारत होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

दुसऱ्या अर्ध्यात एक गोल झाला आणि अगदी शेवटी, जेव्हा आमच्यातली एकही धड उभी राहू शकत नव्हती, तेव्हा दुसरा. हरलो. दोन-शून्य. बरं मग? शिट्टी वाजल्यावर माझ्या आठ पोरी चालत बाहेर आल्या, कुणी कुणाला धरून, पण चालत. समोरचे सर म्हणाले, "छान खेळल्या हो." मी म्हणाले, "ते मला माहीत आहे."

मोठ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी, दसऱ्याचं सोनं देता देता, विचारलं, "हरलात ना?"

"हरलो. पण उतरलो. तुमची अट उतरायची होती."

त्यांनी सोन्याचं पान माझ्या हातावर ठेवलं आणि त्या म्हणाल्या, "बरं." मी निवृत्त होईपर्यंत त्या शाळेत फुटबॉल चालू होता. अजूनही आहे. मुली अजूनही काळ्या पडतात आणि गुडघे फोडून घेतात.

पण सुनंदा परत मैदानावर आली नाही. दहावीपर्यंत शाळेत होती. वाटेत दिसली की "नमस्ते बाई" म्हणायची. मी तिला "ये गं खेळायला" म्हणाले, दोनदा. "माझं चुकलं" एकदाही म्हणाले नाही. बाई होते ना मी! बाईंनी पोरीची माफी मागायची म्हणजे काय! तीन खाड्यांचा नियम मात्र मी गुपचूप काढून टाकला. पोरगी आली नाही की आधी तिच्या घरी जायचं. बहुतेक वेळा दारातच कळायचं काय ते.

हे सगळं मी मनात कुलूप लावून ठेवलं होतं. या जुलैमध्ये एक दिवस दारात मोटारसायकल थांबली. चालवणारी बाई, डोक्याला रुमाल, मागच्या सीटवर आणखी एक. चाळिशीला टेकलेली सुनंदा मी आवाजावरून ओळखली. आता तीच मुकादम आहे. वीस-बावीस बायांची टोळी घेऊन दिंडोरीच्या मळ्यांवर छाटणी, थिनिंग, सगळी कामं घेते.

"बाई, आमच्या गावच्या मंडळाने पंधरा ऑगस्टला बायांसाठी खेळ ठेवलेत," ती चहा घेता घेता म्हणाली. "लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची. मी म्हणलं, लिंबू-चमचा तुमच्या घरी ठेवा. आमची टोळी फुटबॉल खेळणार. लय हसले. म्हणले, लुगडी नेसून? म्हणलं, लुगडी नेसून नायतर कशी बी, तुम्ही समोर संघ उभा करा. आता त्यांनी अर्ज दिलाय. हा बघा."

तिच्याबरोबरची बाई, टोळीतलीच, हसत म्हणाली, "ही आमच्याकडनं रोज दुपारच्या सुट्टीत पळवून घेते, बाई. आणि कुणी कामाला आली नाय ना, तर ही हजेरीला काट मारत नाय. संध्याकाळी गाडी काढून तिच्या घरी जाते विचारायला. दुसरे मुकादम वेड्यात काढतात हिला."

मी सुनंदाकडे पाहिलं. ती बशीत चहा ओतत होती.

"सुनंदा," मी म्हणाले, "तुझं नाव मी खोडलं होतं. माझं चुकलं. तेव्हाच म्हणायला हवं होतं."

"व्हय, चुकलंच तुमचं," ती म्हणाली. उगाच "जाऊ द्या बाई" वगैरे काही नाही, आणि त्याचंच मला बरं वाटलं. "लय राग होता मला. पण बाई, ती मॅच मी बाहेरनं बघितली ना, तेव्हा पहिल्यांदा कळलं सगळ्या मिळून काय करतात ते. आतमधी असताना दिसत नाय. टोळी चालवते ती त्याच्यावरच."

संपादक महाशय, तुमच्या आकड्यात हे कुठल्या रकान्यात बसतं ते मला कळवा.

अर्ज टेबलावर होता. मी चष्मा शोधून पेन उघडलं आणि पहिल्या ओळीवर तिचं नाव लिहायला टेकवलं. तिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं. "मी लिहिते," म्हणाली. एकेक नाव मोठ्या अक्षरात लिहीत गेली, सोळा बाया, स्वतःचं सगळ्यात शेवटी. खाली प्रशिक्षकाची ओळ रिकामी होती. तिथे तिने मला न विचारता माझं नाव लिहिलं.

"अगं, माझे गुडघे बघ! मला रोज तिकडे यायला कसं जमेल? खाडे होतील माझे."

"किती होतील?"

"तीन तरी होतीलच. मग काय, खोडशील मला?"

"नाय," सुनंदा म्हणाली आणि पेनाचं टोपण लावलं. "घरी येऊन विचारीन."